चेहरे पुसलेली गाडी

“हिला ओळखता?” म्हणत त्या माणसाने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. इतका जवळ, की मला मान मागे घ्यावी लागली.

फोटो लग्नातला होता. मुंडावळ्या, नथ, हळदीने पिवळे झालेले गाल. नवरीच्या वेशातली मुलगी तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही चटकन ओळखू येत नाही. मला आली. परवा सकाळी माझ्या गाडीत खिडकीशी बसली होती तीच ही.

“रोज एवढी माणसं चढतात-उतरतात,” मी म्हणाले. “कुणाकुणाचं तोंड ध्यानात ठेवायचं?”

“नीट बघा की.”

“बघितलं.”

मी तेव्हा आमच्या शहरातल्या बससेवेत कंडक्टर होते, तीही कंत्राटावर. तेली चौक ते देवीचा माळ हा माझा मार्ग. मधली फेरी संपवून डेपोत आले, तर मॅनेजर मोकाशीसाहेबांचा निरोप हजर: गाडी दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली करा आणि केबिनमध्ये या. साहेबांचा निरोप म्हणजे बहुतेक वेळा कुणा प्रवाशाची तक्रार. तेव्हा विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच मी आत शिरले होते. ते बरंच झालं.

आत साहेब होते, हा माणूस होता आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत डोक्यावर पदर घेतलेली एक वयस्क बाई होती. माणसाचं नाव प्रशांत गलांडे. खताबियाण्यांचं मोठं दुकान, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोलण्यात साखर. बाई म्हणजे त्याची आई. साहेबांनी दोघांना चहा मागवला होता. म्हणजे माणसं वजनदार होती. आमच्या साहेबांचा चहा असा कुणालाही मिळत नसे.

“बायको आहे माझी, सारिका,” गलांडे म्हणाला. “जरा तापट आहे स्वभावानं. रुसून गेलीय. परवा सकाळी तेली चौकातनं देवीच्या माळाच्या गाडीत बसताना पानपट्टीवाल्यानं बघितलं तिला. गाडीवर बाई कंडक्टर होती म्हणाला. बाई कंडक्टर ह्या मार्गावर तुम्हीच ना?”

“मीच.”

“मग झालं. तुमच्या त्या कॅमेऱ्यात असणारच.”

कॅमेऱ्याचं आधी सांगायला हवं. याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या एका कंडक्टरला प्रवाशाने भर गाडीत बदडलं, आणि पुढे चौकशीत मारणाराच उलटला, की आधी हात याने उचलला. गाडीत बसवलेले कॅमेरे तर केव्हाच धूळ खात पडलेले. तेव्हा वरच्यांनी डोकं चालवून आम्हा कंडक्टरांच्या खिशावर अडकवायला काडेपेटीएवढे कॅमेरे दिले. चालू असला की लाल दिवा लागायचा. सुरुवातीला लोकांना मोठी मौज वाटली. पोरी माझ्याकडे बघून बटा सारख्या करायच्या. एक पेन्शनर आजोबा तर चढल्या चढल्या माझ्या खिशाला नमस्कार करायचे. मला नाही, खिशाला.

नियम साहेबांनी आम्हाला उभं करून वाचून दाखवला होता. तक्रार असेल तरच चित्रण उघडायचं. ज्यांचा तक्रारीशी संबंध नाही त्यांचे चेहरे पुसट करायचे, आवाज काढून टाकायचा, मगच कुणाला दाखवायचं. आम्ही माना डोलावल्या. पण गाडीत उभं राहिल्यावर मला एक कळलं. माझे डोळे कुठे वळवायचे ते माझ्या हातात होतं, खिशाच्या डोळ्याचं तसं नव्हतं. पोराला पाजणारी बाई दिसली की मी कॅमेऱ्यावर तळहात ठेवायची. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली, कॅमेरा झाकणे हा गैरप्रकार म्हणून. मग मी अशा बाईकडे पाठ करून उभी राहायला लागले. पाठीला कॅमेरा नव्हता.

परवा सकाळी ही सारिका चढली ती जांभळ्या सुती साडीत. हातात भाजीची पिशवी, पण पिशवीतून भाजीऐवजी कपड्यांच्या घड्या वर आलेल्या. पदर डोक्यावरून एका बाजूला जास्तच ओढलेला. गाडी वळणावर हेलपाटली तसा तो सरकला आणि तिचा कान दिसला. सुजून जाड झालेला, आणि खाली जबड्यापर्यंत काळंनिळं. त्या कानात डूल नव्हता, दुसऱ्यात होता. बसमध्ये असे कान मी पहिल्यांदा पाहत नव्हते. बायका बोलत नाहीत आणि कंडक्टर विचारत नाही, एवढंच.

“शेवटचा स्टॉप,” ती म्हणाली. तिकीट घेताना तिची नजर माझ्या खिशावरच्या दिव्यावर गेली आणि तिथेच राहिली.

“ह्यात दिसतं का सगळं?”

“दिसतं.”

“आणि बघतं कोण?”

“कुणी नाही बघत. गाडीत भांडणबिंडण झालं तरच उघडतात. आणि तेव्हाही बाकीच्यांची तोंडं पुसून टाकतात.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले.

तिला ते पटलेलं दिसलं, कारण त्यानंतर ती खिडकीशी टेकून बसली. तिकीट शेवटच्या स्टॉपचं असूनही उतरली मात्र दोन स्टॉप आधी, सूतगिरणीला. फाटकाजवळ एक बाई तिची वाट बघत उभी होती. दोघींनी एकमेकींचा हात धरला आणि गिरणीच्या चाळीत पहिल्याच गल्लीत वळल्या. मी दारातच उभी होते, म्हणजे माझा खिसाही दारातच उभा होता. गल्लीच्या तोंडाची पिठाची गिरणीसुद्धा त्यात आली असणार. कुणीही ते पाहिलं असतं तर मोटारसायकल काढून सरळ तिच्या दारात जाऊन उभं राहता आलं असतं.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि समोर तिचा नवरा चहा फुंकून फुंकून पीत होता.

“साहेब,” मी म्हणाले, “गाडीत भांडण नाही, तक्रार नाही. मग चित्रण उघडायचं कसं?”

“अहो खराडेबाई, घरची माणसं आहेत,” मोकाशीसाहेब म्हणाले. “नवरा आहे तो तिचा. घरच्या माणसापासून काय लपवायचं? नियम परक्यांसाठी असतो.”

“नियमात तसं कुठं म्हटलंय?”

“सगळंच लिहावं लागतं का?”

मोकाशीसाहेब माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या मुलीच्या लग्नात आम्हा सगळ्यांना त्याने पंगतीत शेजारी बसवून वाढलं होतं. पण बायको नवऱ्याची असते हे त्याला इतकं उघड वाटत होतं की त्यावर विचार करायचा असतो हेच त्याच्या गावी नव्हतं. चूक म्हणायची तर ती एवढीच. आणि ती एकट्या त्याची नव्हती. त्या केबिनबाहेर उभं करून कुणालाही विचारलं असतं तरी हेच ऐकायला मिळालं असतं.

“बाई हरवली असेल तर पोलिसांत सांगितलंच असेल यांनी,” मी म्हणाले. “तिकडून मागणी आली की साहेब काय, मीही नाही म्हणणार नाही.”

गलांडेने कप खाली ठेवला. “पोलीस म्हणजे गावभर बोभाटा. आमची चार ठिकाणी उठबस आहे, बाई. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची म्हणता?”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “अब्रूचा प्रश्न आहे.”

आपल्या घरातलं कुणी बघू नये हे गलांडेला अगदी मनापासून वाटत होतं. मला हसू आलं, पण ती वेळ हसायची नव्हती. कंत्राट दर वर्षी साहेबांच्याच सहीने पुढे सरकायचं.

तोवर साहेबांना तोडगा सुचला होता. “हे बघा, नियमातच बसवू. सगळ्यांची तोंडं पुसू, आवाज काढू आणि दाखवू. घरच्यांना कपड्यांवरून, चालण्यावरून ओळखू येईलच. कुणाचा चेहरा दाखवला असं होणार नाही आणि यांचंही काम होईल. आता तरी हरकत नाही ना?”

हरकत घ्यायला मला जागाच उरली नाही. नियम अक्षरन् अक्षर पाळला जाणार होता. फक्त ज्या बाईसाठी तो केला होता तिचा त्यात उपयोग नव्हता. माझ्या गल्लीतल्या बायका मी पाठमोऱ्या ओळखते, नळावर हंडा कसा ठेवतात त्यावरून ओळखते. नुसतं तोंड पुसून माणूस कितीसा पुसला जातो?

पलीकडच्या खोलीत शिंगटे म्हणून कारकून होता, चित्रणाचं सगळं त्याच्याकडे. त्याने कॉम्प्युटरला कामाला लावलं आणि तंबाखू मळत बसला. चेहरे पुसून व्हायला वेळ लागला. झाल्यावर आम्ही सगळे आत गेलो. गलांडे खुर्ची ओढून पडद्यासमोर बसणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली त्याची आई पुढे झाली.

“मला बसू दे म्होरं. तुला काय कळतंय बायकांच्या कापडातलं?”

“तू कशाला आलीस मधी? तुला दिसतंय का धड?”

“दिसतंय तेवढं दिसतंय.” ती बसली. तो तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभा राहिला.

“त्या दिवशी नेसल्या काय होत्या?” साहेबांनी विचारलं.

गलांडे घुटमळला. “साडीच... आई, कुठली होती ग?”

“हिरवी,” म्हातारी म्हणाली.

“हां, हिरवी,” तो म्हणाला. जणू ती त्यानेच निवडून दिली होती.

वय झालं, नजर गेली, जांभळ्याची हिरवी होते, असं मनाशी म्हटलं आणि देवाचे आभार मानले. मी भाविक नाही, पण त्या क्षणी मानले.

शिंगटेने चित्रण सुरू केलं. आपलीच गाडी, आणि तरी मला ती ओळखीची वाटेना. खिशाच्या उंचीवरून जग म्हणजे नुसते हात. पुढे केलेले तळवे, मांडीवरच्या पिशव्या, दांड्याला धरलेल्या मुठी. आणि वर प्रत्येकाच्या मानेवर दुधाळ काचेसारखा एक ठिपका. यंत्राने कुणालाच सोडलं नव्हतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर चिकटवलेल्या देवीचंही तोंड पुसलं होतं आणि मागच्या काचेवरच्या जाहिरातीत दात घासणाऱ्या बाईचंही.

“देवीला पण झाकलंस व्हय रे?” साहेब म्हणाले.

“त्याला काय ठाऊक, साहेब. दोन डोळे दिसले की पुसतंय,” शिंगटे म्हणाला.

तेली चौक आला. माणसं चढायला लागली. त्यांच्यात जांभळी साडी चढली, भाजीची पिशवी सावरत पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पडदाभर तीच. गलांडे हिरवी साडी शोधत होता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या बायकांवर फिरत होती.

तिकीट घेताना बाकीचे लोक पैसे देतात आणि नजर वळवतात. जांभळ्या साडीवरचा ठिपका मात्र वर झाला आणि आमच्याकडे बघत राहिला. सरळ आमच्याकडे. आवाज नव्हता, पण मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आणि बघतं कोण?

“ही काय एवढी टकामका बघतीय?” शिंगटे म्हणाला.



“असतात एकेक बायका,” गलांडे म्हणाला. “कॅमेरा दिसला की हुरळतात. पुढं घ्या.”

शिंगटेने पुढे घेतलं. मी गलांडेकडे पाहिलं. सोंग नव्हतं. तोंड पुसलेली आपली बायको त्याला खरंच ओळखू आली नव्हती. रोज सकाळी जो हात त्याच्यापुढे चहा ठेवत असेल तो हात पडद्यावर ताटाएवढा दिसत होता आणि त्याला तो कुणाचाही वाटत होता. मला हायसं वाटलं. आणि त्याच वेळी तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

परत पडद्याकडे पाहिलं तेव्हा ती खिडकीशी बसलेली होती. तिकिटाची बारीक घडी करून तिने ती बांगड्यांमध्ये खोचली आणि पदर कानावरून पुढे ओढला, मग हाताने जरा दाबून धरला.

खुर्चीतल्या म्हातारीचा हात वर गेला. तिनेही आपला पदर कानावरून पुढे ओढला आणि तसाच दाबून धरला. बाकी ती हललीही नाही. माझ्याशिवाय कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

हिला कळलंय, माझ्या मनात आलं. आता बोलणार.

ती बोलली नाही. गाडी मंडईला थांबली, कोर्टापाशी थांबली. जांभळी साडी खिडकीशीच होती. मग नवा स्टॅंड आला. तिथे नेहमी निम्मी गाडी रिकामी होते, लोकांना पुढे लांबच्या गाड्या धरायच्या असतात. दाराशी गर्दी झाली आणि त्या गर्दीत एक हिरवी साडी उतरायला लागली. बायकांनी भरलेल्या गाडीत हिरवी साडी नाही असं कधी होतच नाही.

“ही! ही बघ!” म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली. तिने पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं. “थांबवा वो! हीच ती!”

शिंगटेने थांबवलं.

गलांडे वाकला. “नक्की का ग?”

“इतकी वर्सं माझ्या घरात वावरलीय. चालणं वळकायची न्हाई व्हय मी? ती पिशवी न्हाई का आपली, पाव्हण्यांनी दिलेली?”

पिशवीबद्दल त्याला काय ठाऊक असणार. त्याने मान हलवली. तरी त्याचं समाधान झालेलं नव्हतं. “अजून जरा पुढं चालू द्या. कुठल्या गाडीकडं वळली ते दिसंल.”

अजून जरा पुढे म्हणजे आधी दूध डेअरी आणि मग सूतगिरणी. जांभळी साडी उठणार, पिशवी उचलणार, दारातून उतरून त्या बाईचा हात धरणार.

“आता काय दिसणार?” शिंगटेने अंग मोडलं. “कॅमेरा बाईंच्या खिशावर. गाडी सुटली की तोबी गाडीबरोबर गेला. बगा हवं तर.” आणि त्याने बोट बटणावर ठेवलं.

“थांब,” साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “खराडेबाई, आता तरी आठवतंय का? हीच होती का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारी सोडून. तिचं बोट अजून हिरव्या साडीवर होतं, पण डोळे तिथे नव्हते. ते पडद्याच्या कोपऱ्यात होते, जिथे खिडकीशी एक जांभळा खांदा आणि बांगड्यांत खोचलेला कागदाचा पांढरा कोपरा दिसत होता. बोट एकीकडे, नजर दुसरीकडे. तिची नजर चांगली शाबूत होती. हिरवा रंग तिने घरूनच आणला होता. आणि चित्रण नेमकं इथेच थांबवण्यामागेही तिचा काही हिशोब होता. तो तेव्हा मला पुरता कळला नाही. एवढंच कळलं, की तिने एक टोक धरलंय आणि दुसरं मला धरायचंय.

“होय,” मी म्हणाले. “हीच. आता आठवली. नव्या स्टॅंडला उतरली.”

“मघाशी तर नाही म्हणालात,” गलांडे म्हणाला.

“फोटोत नवरी होती हो. साडीवरून आठवली. उतरताना पुण्याची गाडी कुठं लागते म्हणून विचारत होती.”

हे पुण्याचं मी पदरचं घातलं. कुठलं तरी गाव सांगायचं तर मोठं सांगावं, शोधायला वेळ लागतो.

“पुणं!” त्याने मांडीवर थाप मारली. “तिची मावसबहीण आहे तिकडं, हडपसरला. मला वाटलंच होतं.” आणि फोन कानाला लावत तो बाहेर व्हरांड्यात गेला.

मोकाशीसाहेबांचा चेहरा खुलला. “बघा. नियमही मोडला नाही आणि कामही झालं. तुम्ही उगाच ताणत होतात.”

“चुकलंच माझं,” मी म्हणाले.

शिंगटेने पडदा बंद केला. पुढचं कुणी पाहिलं नाही. चित्रण महिनाभर ठेवून काढून टाकायचं असा नियम होता. महिना उलटल्यावर मी मुद्दाम शिंगटेच्या खोलीत चक्कर टाकून विचारलं. गेलं म्हणाला. सारिका पुन्हा कधी माझ्या गाडीत दिसली नाही. सूतगिरणीचा स्टॉप आला की मी त्या गल्लीकडे बघायचंसुद्धा टाळायची, माझ्यामुळे खिशानेही बघू नये म्हणून. हडपसरच्या मावसबहिणीला मात्र त्या आठवड्यात बराच मनस्ताप झाला असणार. तिची मी मनातल्या मनात माफी मागितली.

त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले तेव्हा गलांडे फाटकाजवळ मोटारसायकलला टेकून फोनवर कुणाला तरी दम देत होता. त्याची आई व्हरांड्यात माठापाशी होती. ती पाणी प्यायली, तिने फुलपात्र विसळलं आणि पालथं घातलं. मी जवळ गेले. कॅमेरा मघाशीच काढून शिंगटेच्या टेबलावर ठेवला होता.

“कंडक्टरीनबाई,” ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “वर बघून काय म्हनत व्हती ती?”

“विचारत होती, हे कोण बघतं म्हणून.”

“मग? तुमी काय बोल्ला?”

“मी म्हटलं, कुणी बघत नाही.”

तिने मान हलवली. “मग न्हाईच बघितलं कुणी.”

तिचा मुलगा लांब होता, आमच्याकडे पाठ करून होता. मला वाटलं, हिने एवढं केलं, हिला निदान एवढं तरी कळू दे. रात्री डोळ्याला डोळा लागेल बिचारीच्या.

“मावशी,” मी म्हणाले, “काळजी करू नका. तिला न्यायला एक बाई आली होती. चांगल्या ठिकाणी आहे ती. ती उतरली ना, ते...”

म्हातारीने माझ्या तोंडावर हात ठेवला. ओला हात होता, पण घट्ट.

“नगा सांगू. मला तेवढं नगा सांगू, बाई. मारलं की निघतंय तोंडातनं.”

फाटकापाशी मोटारसायकल सुरू झाली. “आई, चल की!” त्याने हाक मारली. तिने हात काढला, पदर कानावरून सारखा केला आणि लगबगीने निघाली. मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून ती बसली आणि पडू नये म्हणून तिने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.